चार वाजून दहा मिनिटे

मावशीची एका कागदावर सही घ्यायची आणि मावशीला घरी घेऊन यायचे, एवढेच काम होते. त्यासाठी भाचीने रुग्णालयातून चार दिवसांची रजा काढली होती. निघताना आईने बजावले होते की सही राहिली तरी चालेल, पण माझी बहीण मला आणून दे. आणि तिला समजावत मात्र बसू नकोस, कारण तू समजावायला जाशील आणि तीच तुला समजावून परत पाठवेल.

कागद साधा होता. भूकंपाला चौदा महिने उलटले होते. शहरातले जुने वाचनालय जागच्या जागी खाली बसले होते. तिन्ही मजले एकमेकांच्या मांडीवर येऊन टेकले होते. तिथला राडारोडा उपसल्यावर आता एक मोठा खड्डा उरला होता. तो भरून त्यावर नवे रुग्णालय बांधायचे ठरले होते. मात्र त्या इमारतीत ज्यांची माणसे होती आणि सापडली नाहीत, त्यांची ‘शोध थांबवण्यास हरकत नाही’ अशी लेखी संमती आधी हवी होती. अशी माणसे चार. तिघांच्या घरच्यांनी सह्या दिल्या होत्या. चौथे मावशीचे यजमान, म्हणजे भाचीचे काका. वाचनालयाच्या तळघरात ते पुस्तकांची बांधणी करत असत, आणि त्या दुपारीही तेच करत होते.

बसने तिला शहराच्या वेशीवर सोडले. पुढे एका भाड्याच्या गाडीत बसून ती आत निघाली. पहिल्यांदा जाणवला तो आवाज. काँक्रीट कालवणारी यंत्रे, लोखंड कापणाऱ्या करवती, पत्र्यावरचे हातोडे... शहर कसले, एक मोठा कारखानाच तो. धूळ इतकी, की जिभेवर चुन्याची चव येत होती. एके ठिकाणी घर मुळीच नव्हते, पण त्याचा जिना तेवढा शाबूत उभा होता. दुसऱ्या मजल्याइतका चढून तो आभाळात थांबला होता आणि त्याच्या चौथ्या पायरीवर कोणीतरी धुतलेली चादर वाळत घातली होती.

“पडताना एवढा आवाज झाला नव्हता,” गाडीवान मागे न वळता ओरडून म्हणाला, “एवढा आता बांधताना होतोय.”

हे बोलता बोलताच त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. फोन बंद करा, उतरू नका, आणि शक्यतो पाय हलवू नका, असे त्याने तिला हलक्या आवाजात सांगितले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. कुठूनतरी दूरवरून एक शिट्टी झाली. तिला जोडून दुसरी, मग तिसरी; चौकाचौकांतून शिट्ट्या एकमेकींना हाका देत गेल्या आणि थांबल्या.

आणि शहर गप्प झाले.

भाचीचे काम माणसांचे कान तपासण्याचे होते. दिवसाचे सहा तास ती आवाजबंद खोलीच्या काचेपलीकडे बसत असे, त्यामुळे शांतता ही तिच्या परिचयाची, मोजमापाची वस्तू होती. पण ती शांतता भिंतींनी केलेली असते. ही माणसांनी केलेली होती. यंत्रे थांबली, करवती थांबल्या, हे तर झालेच. पण समोरच्या दुकानातल्या न्हाव्याने कात्री टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली. अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक मान वर करून तसेच राहिले. रस्त्याच्या मधोमध एका बाईने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट आवळला. एका बापाने तान्ह्या मुलाला छातीशी धरले आणि त्याच्या तोंडावर, श्वास कोंडणार नाही अशा बेताने, तळहात ठेवला. परांचीवर बसलेला गवंडी थापी उचललेल्या हातानेच थिजला होता, आणि त्या थापीवरून ओल्या मालाचा एक थेंब लोंबत होता. तो थेंब पडला, तेव्हा त्याचा आवाज भाचीला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. लाखभर माणसांचे एकाच क्षणी एका गोष्टीवर एकमत होऊ शकते, हे तिने यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. देवळात नव्हे, सभेत नव्हे, स्मशानातही नव्हे.

दोन मिनिटांनी पुन्हा शिट्ट्या झाल्या आणि सगळा कल्लोळ जिथे तुटला होता तिथूनच पुढे सुरू झाला. गाडीवानाने समजावून सांगितले, की ही बचावाच्या दिवसांतली सवय. तेव्हा शिट्टी झाली की सगळी यंत्रे बंद व्हायची, म्हणजे ढिगाऱ्याखालच्या माणसाचा आवाज वर ऐकू यायचा. पुढे बचाव संपला. पण शिट्टी काही कोणी बंद केली नाही.

“आमची बायको जन्मात कधी गप्प बसली नाही,” तो म्हणाला, “पण चार वाजून दहा मिनिटांनी बसते.”

विनोद चांगला होता. फक्त तो सांगताना गाडीवान आपले तळहात विजारीला पुसत होता, आणि पुसून झाल्यावरही ते ओलेच दिसत होते.

मावशी खड्ड्यापासून पन्नास पावलांवर पत्र्याच्या एका खोलीत राहत होती. खोली चार पावले लांब आणि तीन रुंद, पण आरशासारखी लख्ख. भाचीला पाहून तिने आधी चहा टाकला, मग ‘हाडकलीस’ असे म्हणाली, आणि मग तिने तो कागद न वाचताच उशीखाली ठेवून दिला. त्या दिवशी डोक्याला मार लागल्यापासून तिचा डावा कान गेला होता. बोलताना ती उजवी बाजू पुढे करत असे, आणि नको असलेला विषय निघाला की सहज डावी.

दिवेलागणीपर्यंत विषय डावीकडेच राहिला. शेवटी मावशीनेच तोंड उघडले. ती रोज खड्ड्यात उतरत होती. वाचनालयाच्या तळघराचा एक खांब अजून गुडघाभर शिल्लक होता. चार-दहाच्या शिट्टीला ती त्या खांबाला गाल लावून बसे. आणि रोज तिला खालून ठोके ऐकू येत. तीन ठोके.

“तीन म्हणजे तिघं,” मावशी म्हणाली. “हे आणि आणखी दोघं.”

चौदा महिन्यांनंतर, असे भाचीच्या ओठावर आले होते, पण तिने ते गिळले. त्याऐवजी ती आपल्या सवयीच्या वाटेने गेली. पिशवीत नादकाटा होता, आघात केला की एका सुरात घुमणारा पोलादी दुहेरी काटा. तो वाजवून तिने मावशीच्या डाव्या कानाशी धरला. मावशीला काहीच ऐकू आले नाही. मग त्याची दांडी तिने कानामागच्या हाडावर टेकवली, आणि मावशीचा चेहरा उजळला. पडदा फाटला तरी हाडातून आवाज आत पोचतो, हे भाचीला ठाऊक होते. म्हणजे खांबाला गाल लावून बसणाऱ्या मावशीला भास होतो, असे म्हणायची सोय उरली नव्हती.

“तू ऐक,” मावशी म्हणाली. “तुझं कामच आहे ते. तुला काही नाही ऐकू आलं तर तसं सांग, मी सही करते आणि मुकाट्यानं तुझ्याबरोबर येते. पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. तुझी आई बोलते तसं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टीमास्तर आले. ते शाळेत कवायत शिकवत. बचावाच्या दिवसांत पथकाची शिट्टी त्यांच्याकडे आली आणि नावाला चिकटली. काकांचे ते जुने मित्र. मावशीला वहिनी म्हणत, आणि रोज चार वाजता खड्ड्यात तिच्या सोबतीला बसत. चौदा महिन्यांत एकही दिवस त्यांनी चुकवला नव्हता. मावशी म्हणे, सख्खा दीर नसता बसला.

भाचीने खालच्या ठोक्यांचा विषय काढला तेव्हा मास्तरांनी कपातल्या चहाकडे पाहत, शाळेतल्या आवाजात, पद्धत समजावून सांगितली. हे शहर भूकंपाच्या भेगेवर वसलेले, हे सगळ्यांनाच माहीत होते. म्हणून वीस वर्षे ते शाळेत मुलांकडून आणि कचेऱ्यांत मोठ्यांकडून एकच गोष्ट घोटून घेत आले होते. शोधणाऱ्याने तीन ठोके झटपट द्यायचे, दहा आकडे मोजून थांबायचे, पुन्हा तीन द्यायचे. याचा अर्थ, आम्ही आलो आहोत. तुम्ही किती जण आहात? अडकलेल्याने उत्तर द्यायचे ते सावकाश. जेवढे जिवंत, तेवढे ठोके. शोधणाऱ्याने तो आकडा तसाच परत ठोकायचा, म्हणजे अडकलेल्याला कळते की आपला आकडा पोचला.

“आणि एकदा आकडा पोचला,” मास्तर म्हणाले, “की तो पुरा झाल्याशिवाय पथक हलत नाही. मग कितीही दिवस लागोत.”

दुपारी तुम्ही खुशाल ऐका, असेही ते म्हणाले. पण ऐकायचे तेवढेच. बोलायचे नाही, आणि ठोकायचे तर मुळीच नाही. ठोका देणे म्हणजे वचन देणे. खणायला माणसे नसताना वचन देऊ नये. भाचीला ते पटले. तिच्या धंद्यातही जे देता येत नाही ते कबूल करू नये असाच दंडक होता.

चार वाजून पाच मिनिटांनी तिघे शिडीने खड्ड्यात उतरले. वर लख्ख ऊन होते. खाली मात्र उजेड गाळून आल्यासारखा, मातकट. ओल्या चुन्याचा आणि कुजलेल्या कागदाचा वास येत होता. भिंतींच्या मातीत ठिकठिकाणी पुस्तकांचे थर रुतलेले दिसत होते, पाने एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झालेला. मधोमध तो खांब, वाकलेल्या सळया वर काढून उभा. मावशीने सरावाने पदर आवरला, बैठक मारली आणि डोळे मिटून खांबाला गाल लावला. मास्तर तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिची दोन्ही मनगटे आपल्या हातांत धरली. भाचीला वाटले, काय हा जिव्हाळा. खांबाच्या पलीकडच्या बाजूला बसून तिने स्टेथोस्कोप कानात घातला आणि त्याची चकती सिमेंटवर दाबली.

मास्तरांनी एक हात सोडवून शिट्टी फुंकली. शहर विझले.

आधी फक्त तिचे स्वतःचे रक्त वाहण्याचा आवाज. मग त्यापलीकडे एक पोकळी, खोल विहिरीत डोकावल्यासारखी. आणि मग...

तीन ठोके. झटपट, कोरडे, स्वच्छ.

 तिने घड्याळाकडे पाहिले, कारण डोळे सवयीने काम करतात. एक, दोन, तीन... दहा. पुन्हा तीन ठोके. पुन्हा दहा सेकंद, ना केसभर कमी ना केसभर जास्त. पुन्हा तीन.

इतके नेमके माणसाला जमत नाही, असे तिच्या मनात आले, आणि तिच्या जिवात जीव आला. हा पंप असणार. नाहीतर एखाद्या नळातली हवा, उघडमीट करणारी एखादी झडप. मावशी चौदा महिने एका पंपाला गाल लावून बसली आहे. हे सिद्ध करता आले तर आज सही होईल, आणि मावशी उद्याच्या बसमध्ये असेल.

पण सिद्ध करायला हवे होते. नुसत्या अंदाजावर मावशीने विश्वास ठेवला नसता, आणि भाचीनेही नसता. तिच्या कामात यावर एक ठरलेली युक्ती होती. तपासायला आलेली माणसे कधी कधी आवाज न ऐकताच बोट वर करतात; तेव्हा ती ठरलेला क्रम मोडायची, मध्येच वेगळेच काही द्यायची. ज्याला खरोखर ऐकू येते तो बदलतो. ज्याला येत नाही तो आपल्याच तालात चालू राहतो. पंपही आपल्याच तालात चालू राहील. पंपाला दिलेला ठोका म्हणजे काही वचन नव्हे.

तिने पिशवीतून नादकाटा काढला, उलटा धरला, आणि दांडीने खांबावर दोन ठोके दिले. सावकाश.

मास्तरांची मान झटक्याने वळली. पण शांतता संपल्याची शिट्टी अजून व्हायची होती. त्यांना तोंड उघडता येत नव्हते.

खालचे ठोके थांबले.

दहा सेकंद गेले. पंधरा. वीस. पंप बंद पडला असेल, असे ती स्वतःला सांगत होती. मग खालून उत्तर आले.

दोन ठोके. सावकाश. तिने दोहोंमध्ये जेवढे अंतर ठेवले होते, तेवढेच ठेवून.

तेवढ्यावर ते थांबले नाही. काही क्षणांनी तेच दोन ठोके पुन्हा आले, पण थोडे लांबून, डाव्या अंगाने. मग त्याहून लांबून. मग उजवीकडून, बाजारपेठ होती त्या दिशेने. मग जिथे शाळा होती तिकडून. मग इतक्या खोलातून, की ते ऐकू आले म्हणावे की हाडांना कळले म्हणावे, हे तिला ठरवता येईना. दोन... दोन... दोन... एका रांगेत उभी असलेली माणसे घमेली हातोहात पुढे देतात तसा तिचा आकडा सबंध शहराखालून पुढे पुढे दिला जात होता. किती हात असतील ते? ती मोजत राहिली, मग तिने मोजणे सोडून दिले. वर लाखभर माणसे श्वास रोखून उभी होती, आणि खाली त्याहून मोठी, त्याहून शिस्तीची एक वस्ती कामाला लागत होती. त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, हे तिने पुढे स्वतःशी अनेकदा कबूल केले. आभाळभर चांदणे पहिल्यांदा पाहताना वाटते, तसे तिला वाटले.

मग ठोके संपले. आणि अगदी खाली, अगदी हळुवारपणे, एक दगड उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. कुदळ नाही, पहार नाही. माणूस जवळ असला की अवजारे बाजूला ठेवून हाताने उकरतात, तसा.

शिट्टी झाली. वरचा कल्लोळ खड्ड्यात कोसळला. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत.

“किती ठोकलेत?” त्यांनी विचारले.

“दोन.”

“दोन...” ते म्हणाले. त्यांनी मावशीची मनगटे सोडली. मग म्हणाले, “ताई, तुम्हाला काय वाटलं? आम्ही ऐकायला म्हणून गप्प बसतो?”

भाचीला आठवला तो मुठीत आवळलेला किल्ल्यांचा जुडगा, टॉवेलवर ठेवलेली कात्री, तान्ह्या मुलाच्या तोंडावरचा तळहात. ऐकणाऱ्या माणसाला किल्ल्यांची भीती वाटत नाही. ती वाटते लपलेल्या माणसाला.

“तीन झटपट, दहा मोजून थांबायचं, परत तीन,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “हे अडकलेला ठोकत नाही. सकाळीच सांगितलं ना मी... शोधणारा ठोकतो, आणि रोज चार-दहाला ठोकून कान देतो. त्यांच्या लेखी ते वर आहेत. आणि ढिगाऱ्याखाली आपण.”

ते रोज इथे बसत होते ते सोबतीला नव्हे. ते मावशीचे हात धरायला बसत होते.

मावशीने खांबावरून गाल काढला होता आणि उजवा कान पुढे करून ती ऐकत होती. तिने मास्तरांना पुन्हा सांगायला लावले, अगदी सावकाश. मास्तरांनी सांगितले. आता ही कोसळेल, या धास्तीने भाचीने तिचा खांदा धरला. पण मावशीच्या चेहऱ्यावर जे पसरत गेले ते दुःख नव्हते. चौदा महिने गळ्याशी अडकलेला घास खाली उतरावा, तसे काहीतरी होते ते.

“म्हणजे हे अडकलेले नाहीत,” ती म्हणाली.

तिने खांबावरून हलकेच हात फिरवला.

“अडकलेले नाहीत हे. हे कामावर आहेत.” आणि पदराने डोळे पुसत ती चक्क हसली. “वाटलंच मला. नुसते बसून राहणाऱ्यातले नव्हेत.”

खोलीत परत आल्यावर तिने उशीखालचा कागद काढला, पहिल्यांदाच तो पूर्ण वाचला, आणि सही केली. तुझ्या आईला कळव, आणते म्हणून, असे म्हणून ती भांडी आवरायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तर बसपर्यंत सोडायला आले. मावशी खिडकीशी बसल्यावर भाचीने त्यांना बाजूला घेऊन विचारले, की यापूर्वी कोणी उत्तर दिले होते का.

“एका सुताराने दिलं होतं,” मास्तर म्हणाले. “एक ठोका.”

“मग?”

“चांगला माणूस होता,” मास्तर म्हणाले, आणि बस सुटेपर्यंत ते तिच्याकडे न पाहता मावशीला हात करत राहिले.

मावशी बहिणीकडे चांगली रुळली. दोघी बहिणी दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढत आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवत. इतक्या वर्षांनी घरात हसण्याचा आवाज येऊ लागला, असे भाचीला वाटे. खड्डा भरल्याची, त्यावर रुग्णालयाच्या पायाचे काँक्रीट पडल्याची बातमी आली, तेव्हा मावशीने ती शांतपणे ऐकून घेतली. भाचीनेही मनाशी एक स्पष्टीकरण तयार केले होते: मातीतून परत येणारा प्रतिध्वनी, एकमेकांत गुंतलेले जुने नळ. ते तिला पुरतेपणी पटलेले नव्हते. पण दोन राज्यांच्या अंतरावरून ते पुरेसे होते.

साडेतीन महिन्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी दुपारी, ती मावशीच्या खोलीत केर काढत होती. पलंगाखालून केरसुणीबरोबर मूठभर पांढरी भुकटी आली. तिने वाकून पाहिले. फरशीत एक भोक होते, करंगळी जाईल एवढे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तिने तळहात वर धरला. खालून हवा येत होती, गार, ओलसर, एकसारखी. तिने कापसाचा बोळा करून त्यात घट्ट दाबला आणि मास्तरांना फोन लावला.

मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, की माणसाजवळ पोचले की पथक आधी नळीएवढी वाट पाडते. हवेसाठी. ती पोचली की मग वाट रुंद करायची. त्याला वेळ लागतो, कारण इजा होऊ द्यायची नसते.

“बोळा घातलात?” त्यांनी विचारले.

“घातला.”

“काढा तो.” मास्तरांनी आवाज खाली आणला. “त्यांना वाटेल तुम्ही गुदमरताय... मग घाई करतील.”

तिने फोन ठेवला. ती सावध मुलगी होती. कुठल्याही निष्कर्षाआधी जे तपासता येते ते तपासावे, अशी तिची शिस्त. भाचीचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. ती जिना उतरून खालच्या बिऱ्हाडाकडे गेली, तुमच्याकडे छत गळते का अशी चौकशी केली, आणि त्यांच्या परवानगीने आतल्या खोलीत जाऊन, मावशीच्या पलंगाच्या बरोबर खाली उभी राहून, तिने वर पाहिले. छत गेल्याच महिन्यात रंगवले होते. पांढरे, सपाट, अखंड. खुर्चीवर चढून तिने त्यावरून हात फिरवला. भोक नव्हते. भेगही नव्हती.

ती वर आली तेव्हा कापसाचा बोळा पलंगाबाहेर फरशीवर पडला होता. मावशी पाय वर घेऊन पलंगावर बसली होती.

“मी नाही काढला,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भय नव्हते. पाहुणे यायच्या आधी माणूस केस सारखे करतो, तसे तिने केस सारखे केले होते.

भाचीने आईची खोली पाहिली. तिथे काही नव्हते. स्वयंपाकघर पाहिले, बाहेरची खोली पाहिली. काही नव्हते. मग ती आपल्या खोलीच्या दारात येऊन बराच वेळ उभी राहिली. ही खोली तिने सकाळीच झाडून पुसून घेतली होती. शेवटी ती गुडघ्यांवर टेकली आणि तिने पलंगाखाली पाहिले.

फरशीवर पांढऱ्या भुकटीचा एक लहानसा ढीग होता, चिमूटभर. भोक अजून दिसत नव्हते. ती पाहत असतानाच ढिगाचे टोक किंचित उंचावले, आणि त्यावरून चार कण घरंगळत खाली आले.